‘गेट’ या क्रियापदाचा अर्थ सांगताना ‘मिळणे’वर थांबू नका

सायलीचा वेल

‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच पाठ केलेली माणसं ‘आय गॉट अ लेटर’पर्यंत आरामात जातात आणि ‘आय गॉट अँग्री’पाशी अडतात. राग काय कुणी दिला म्हणून मिळाला? मी संध्याकाळच्या वर्गात मोठ्यांना इंग्रजी शिकवते. शिवणकाम करणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या बायका आणि नर्सिंगच्या मुली असतात. सगळ्यांचा रोष याच एका क्रियापदावर आहे. शब्दकोश उघडला की त्याचे इतके अर्थ दिसतात की माणूस हात टेकतो.

मला वाटतं, आपण शिकवण्याची सुरुवातच चुकीच्या टोकाने करतो. ‘गेट’चे अर्थ मोजत बसण्याऐवजी आधी आपलीच वाक्यं बघावीत. मला राग आला. मला ताप आला. मला कंटाळा आला. मला उशीर झाला. मला सर्दी झाली. मला पत्र मिळालं. मला विनोद कळला. मला समुद्र बघायला मिळाला. या सगळ्यांत माणूस कर्ता नाही. राग, ताप, उशीर, पत्र हे कर्ते आहेत, ते माणसापर्यंत येतात आणि माणूस ‘मला’ होऊन उभा असतो. आजच्या इंग्रजीत वाक्य असं ‘मला’ने सुरू होत नाही. तिथे ‘आय’लाच पुढे यावं लागतं. मग येणारी गोष्ट आणि ‘आय’ यांना जोडायला जे क्रियापद सगळ्यात जास्त वेळा धावून येतं, ते ‘गेट’. आय गॉट अँग्री, आय गॉट अ फीव्हर, आय गॉट बोअर्ड, आय गॉट अ कोल्ड, आय गॉट अ लेटर, आय गॉट द जोक, आय गॉट टु सी द सी.

शेवटचं वाक्य मला फार आवडतं. ‘बघायला मिळालं’ आणि ‘गॉट टु सी’ यांची घडण इतकी सारखी आहे की वर्गात ते फळ्यावर लिहिलं की बायका पुढची वाक्यं स्वतःच बनवायला लागतात. ‘खायला मिळालं’ म्हणजे गॉट टु ईट, ‘बोलायला मिळालं’ म्हणजे गॉट टु टॉक. इथे ‘मिळणे’ हा अर्थ अगदी नेमका बसतो, आणि शाळेत नेमका हाच वापर कुणी शिकवत नाही.

तुम्ही कसं शिकलात, कसं शिकवता, कुठे अडलात ते लिहा. विशेषतः माझी ही ‘मला’ची वाट कुठे तुटते ते सांगा.

शाळामास्तर

ताई, कळकळ पोहोचली. मी आयुष्यभर मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निबंधात ‘गेट’ दिसलं की लाल रेघ ओढली. कारण सांगतो. ज्या मुलाला एकच क्रियापद येतं, तो सगळीकडे तेच वापरतो. रिसीव्ह, बिकम, रीच, अंडरस्टँड, अरेंज, ऑब्टेन हे शब्द त्याच्या तोंडी कधी बसतच नाहीत. अर्ज लिहिताना ‘आय गॉट युवर लेटर’ आणि ‘आय रिसीव्ह्ड युवर लेटर’ यांत फरक पडतोच. तुम्ही बोलण्याची भाषा शिकवता हे मान्य, पण परीक्षा लेखी असते.

पन्हाळा_पायथा

सर, एक जागा मात्र अशी आहे जिथे ‘गेट’वर कुणी लाल रेघ ओढत नाही: गणित. मी सेमी-इंग्रजीवाला. दहावीला ‘डिव्हायडिंग बोथ साइड्स बाय ३, वुई गेट क्ष = ४’ असं प्रत्येक उदाहरणात लिहायचो. मराठी माध्यमातली पोरं ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागून क्ष = ४ मिळते’ असं लिहायची. एवढ्या काटेकोर विषयात दोन्ही भाषांनी हाच शब्द ठेवलाय.

शाळामास्तर

हे उदाहरण बिनतोड आहे. गणितातलं ‘वुई गेट’ मी स्वतः वाचत आलो आणि त्यात कधी काही खटकलं नाही. तेव्हा माझं म्हणणं जरा नेमकं करतो. ‘गेट’ अशुद्ध नाही. ते बोलीच्या जवळचं आहे, आणि अर्ज, अहवाल, पोलीस तक्रार अशा ठिकाणी त्याच्या जागी बहुतेक वेळा अधिक नेमका शब्द सापडतो. घरी ‘माय बाइक गॉट स्टोलन’ म्हणावं, तक्रारीत ‘वॉज स्टोलन’ लिहावं.

काजघर

यावर मला भरभरून बोलायचंय, कारण हा माझ्या धंद्यातला मुद्दा आहे. माझं ब्लाऊज-ड्रेस शिवण्याचं काम आहे आणि परदेशातून ऑर्डरी येतात. आपण मराठीत सर्रास ‘मी केस कापले’, ‘मी घर रंगवलं’, ‘मी ब्लाऊज शिवला’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की न्हाव्याने, रंगाऱ्याने, शिंप्याने ते केलं. इंग्रजीत ‘आय स्टिच्ड अ ब्लाऊज’ म्हटलं की समोरच्या बाईला वाटतं हिने स्वतः मशीनवर बसून शिवला. माझ्या एका गिऱ्हाइकाने मला असंच लिहिलं होतं आणि मी तिला विचारलं, तुम्हाला शिवता येतं तर माझ्याकडे कशाला?

मराठीत नेमकं बोलायचं तर आपण ‘शिवून घेतला’ म्हणतो. तेच इंग्रजीत ‘आय गॉट अ ब्लाऊज स्टिच्ड’. नळ दुरुस्त करून घेतला: गॉट द टॅप फिक्स्ड. केस कापून घेतले: गॉट माय हेअर कट. चष्म्याचा नंबर तपासून घेतला: गॉट माय आइज टेस्टेड. ‘करून घेणे’ दिसलं की ‘गेट’ उचलावं, मधे वस्तू आणि शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप. मला हे कुणी शिकवलं नाही, काम करता करता उमगलं.

सायलीचा वेल

काजघरताई, हे वर्गात जसंच्या तसं सांगणार आहे. त्याला जोडून माणसाकडून काम करवून घेण्याचं सांगते, कारण तिथे रचना बदलते. वस्तू असेल तर ‘गॉट द टॅप फिक्स्ड’. माणूस असेल तर मधे ‘टु’ येतो: ‘आय गॉट द प्लंबर टु कम ऑन संडे’. आणि या वाक्यात एक छटा आहे जी ‘मेड’मध्ये नाही. ‘आय मेड हिम कम’ म्हणजे मी त्याला यायला लावलं, त्याची इच्छा असो वा नसो. ‘आय गॉट हिम टु कम’ म्हणजे गळ घातली, समजावलं, दोन फोन जास्त केले आणि शेवटी तो आला. ‘लावणे’ आणि ‘तयार करणे’ यांत मराठीत जो फरक आहे तोच.

दगडी_दिवा

थोडा इतिहास, कारण तो या चर्चेला उपयोगी आहे.

‘गेट’ हे इंग्रजीचं घरचं अपत्य नाही, निदान या रूपात नाही. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन स्थायिक झाले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं ‘गेटा’ म्हणजे मिळवणे. जुन्या इंग्रजीत याच कुळातलं क्रियापद होतं, पण ते मुख्यतः उपसर्गाला चिकटूनच भेटायचं. ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’मध्ये ते अजून आहे. त्यातला ‘ग’ जुन्या इंग्रजीत ‘य’कडे झुकला होता. मध्ययुगीन इंग्रजीत विसरण्याला ‘फोरयेटन’सारखी रूपं सापडतात. आजचा कडक ‘ग’ नॉर्स प्रभावाचा. जर्मन शिकलेल्यांना ‘फरगेसन’ आठवेल, तेही याच कुटुंबातलं.

‘टेक’, ‘दे’, ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’ हेही नॉर्सकडून आलेले. दरबारी किंवा धार्मिक शब्द यांत नाहीत. शेजारी राहून, एकाच बाजारात जाऊन, एकमेकांशी सोयरीक करून जे शब्द उचलले जातात ते हे. ‘ऑब्टेन’ आणि ‘रिसीव्ह’ नंतर फ्रेंचमार्गे आले, राज्यकर्त्यांच्या आणि कचेरीच्या भाषेतून. शाळामास्तर ज्या फरकाबद्दल बोलत आहेत, त्याचं मूळ इथे आहे. अर्जात ‘रिसीव्ह’ आणि स्वयंपाकघरात ‘गेट’ ही वाटणी त्या काळापासूनची. आपल्याकडेही ‘मिळालं’ घरात आणि ‘प्राप्त झालं’ सरकारी पत्रात.

पहिला अर्थ हस्तगत करणे. मग एखाद्या ठिकाणी पोहोचणे. मग एखाद्या स्थितीला पोहोचणे, म्हणजे ‘होणे’. ‘गॉट स्टोलन’सारखी रचना त्याच्याही नंतरची. हे अर्थ विखुरलेले वाटतात, पण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघालेली आहे: वस्तू हाती येते, गाव येतं, अवस्था येते.

शाळामास्तर

‘प्राप्त झालं’ची जोडी उत्तम. वर्गात असताना सुचली असती तर रोज वापरली असती.

मिशिगनवासी

अमेरिकेतून दोन गोष्टी.

पहिली, ‘गॉटन’. आपल्या शाळेत ‘गेट, गॉट, गॉट’ शिकवलं जातं, ते ब्रिटिश वळण. इथे ‘गेट, गॉट, गॉटन’. सतराव्या शतकात इंग्लंडमधून आलेले लोक हे रूप बरोबर घेऊन आले आणि ते इथे टिकलं, तिकडे मागे पडलं. ‘फरगॉटन’ मात्र दोन्हीकडे शाबूत आहे. इथले लोक ‘गॉट’ आणि ‘गॉटन’मध्ये फरकही करतात. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. एकात असणं, दुसऱ्यात येणं.

दुसरी गोष्ट कानाची. इथे दोन स्वरांमधला ‘ट’ जिभेवरून इतका हलका निसटतो की तो ‘ड’ किंवा ‘र’सारखा ऐकू येतो. ‘गॉट इट’ ऐकू येतं ‘गॉडिट’, ‘गेट अप’ होतं ‘गेडप’, ‘गेट आउट ऑफ इट’ तर ‘गेडाउडविट’. नवीन आलेली माझी नातेवाईक मंडळी उत्तम इंग्रजी वाचतात आणि फोनवर गोंधळतात, ते बरंचसं यामुळे. ज्यांना फोनवर काम करायचंय त्यांनी ‘गेट’ लिहून शिकण्याआधी ऐकून शिकावं.

खंबाटकी

मराठी माणसाला ‘गेट’ आणि ‘बी’ यांच्यात घोटाळा होतो तो कसा सोडवायचा, यावर मी बराच विचार केलाय. उत्तर आपल्याच क्रियापदाच्या शेपटीत आहे.

मी भिजलो: आय गॉट वेट.
मी भिजलोय: आय अॅम वेट.

मी दमलो: आय गॉट टायर्ड. मी दमलोय: आय अॅम टायर्ड. तिचं लग्न झालं: शी गॉट मॅरीड. तिचं लग्न झालंय: शी इज मॅरीड. मला राग आला: आय गॉट अँग्री. मला राग आलाय: आय अॅम अँग्री.

‘भिजलो’ ही घडलेली घटना, ‘भिजलोय’ ही आत्ता असलेली स्थिती. बदल सांगायचा तर ‘गेट’, बदलानंतरची अवस्था सांगायची तर ‘बी’. हा फरक मराठी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलालाही न चुकता करता येतो, मग इंग्रजीसाठी तो नव्याने समजावून का सांगायचा? ‘य’ लागतोय का एवढं बघायचं. ‘मरणे’ला हे चालणार नाही, तिथे इंग्रजीचं स्वतंत्र क्रियापद आहे, पण ओलं, दमलेलं, रागावलेलं, गोंधळलेलं, तयार, जखमी अशा विशेषणांना पक्कं चालतं.

सायलीचा वेल

खंबाटकी, तुमचा हा प्रतिसाद मूळ धाग्याच्या वर लावावा असा आहे. ‘आलाय’ आणि ‘आला’ यांची जोडी करून दाखवायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी आजवर ‘चेंज’ आणि ‘स्टेट’ असे शब्द वापरून सांगायचे आणि मुलींचे चेहरे कोरे राहायचे.

पांढरा_कोट

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वॉर्डात सगळे ‘आर यू गेटिंग पेन?’ असं विचारतात. एका बाहेरून आलेल्या मॅडमनी सांगितलं की ‘आर यू इन पेन?’ म्हणा. ‘आय अॅम गेटिंग लेट’ हेही चूक आहे म्हणाल्या. आणि ‘आय अॅम नॉट गेटिंग यू’ म्हटल्यावर तर त्यांना वेगळंच काही वाटलं. यातलं खरं चूक काय आणि फक्त वेगळं काय? परदेशात जायची परीक्षा द्यायची आहे म्हणून विचारतेय.

सायलीचा वेल

बाळा, फार चांगला प्रश्न. तिन्ही वाक्यं आपल्या ‘मला’मधूनच उगवली आहेत. ‘मला उशीर होतोय’ याचं थेट ‘आय अॅम गेटिंग लेट’ होतं. इंग्लंड-अमेरिकेत ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणतात, म्हणजे वेळ बरीच झाली, आणि स्वतःबद्दल ‘आय अॅम रनिंग लेट’. ‘मला कळत नाहीये’ याचं ‘आय अॅम नॉट गेटिंग यू’ होतं. त्यांच्याकडे कळण्याच्या अर्थाने ‘गेट’ सहसा ‘-इंग’ घेत नाही. ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणतात, पेशंटशी बोलताना मात्र ‘सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड’ जास्त आदराचं. दुखण्याचं असं: आत्ता दुखतंय का विचारायचं तर ‘आर यू इन पेन?’ किंवा ‘डझ इट हर्ट?’. अधूनमधून कळ येते का, डोकेदुखी होते का असं विचारायचं तर ‘डू यू गेट हेडेक्स?’ हे तिथेही नेहमीचं. म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या त्रासाला ‘गेट’ चालतं.

दगडी_दिवा

एक भर घालतो, कारण ‘चूक’ हा शब्द मला इथे टोचतो. ‘आय अॅम गेटिंग लेट’ भारतभर कोट्यवधी लोक बोलतात आणि एकमेकांना ते नीट कळतं. अमेरिकनांनी ‘गॉटन’ ठेवलं म्हणून त्यांना कुणी चूक म्हणत नाही. आपण आपल्या भाषांच्या घडणीतून इंग्रजीला काही दिलं असेल तर त्याची लाज बाळगू नये. पांढरा कोट, परीक्षेत त्यांचं वळण वापरा, पण आपल्या वॉर्डात ‘आर यू गेटिंग पेन’ म्हणणाऱ्या सिस्टरला कमी लेखू नका.

शाळामास्तर

दिवा, भावना योग्य आहे. तरीही मुलीचं पोट परीक्षेवर आहे. आधी परक्याला कळेल असं शिकवावं, मग घरच्या वळणाचा अभिमान बाळगावा, असा क्रम मी धरीन.

लोकल_फास्ट

प्रवासाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आपण ‘दादरला उतरलो’चं ‘गॉट डाउन अॅट दादर’ करतो. बाहेर ‘गॉट ऑफ अॅट दादर’ म्हणतात. ‘गेट डाउन’ त्यांच्याकडे झाडावरून, शिडीवरून. बस, ट्रेन, विमान यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. रिक्षा, कार यांना ‘इन’ आणि ‘आउट’. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’, ज्यात वाकून बसावं लागतं त्याला ‘इन’, अशी खूण मी ठेवलीय आणि ती बहुतेक वेळा चालते.

अबोली_रंग

ग्रुपचं ‘गेटटुगेदर’ आणि नाटकवाल्यांचा ‘गेटअप’ हे दोन तर आता मराठीच आहेत. माझी आजी पोशाखाला ‘गेटप’ म्हणायची, एका दमात. बाकी इंग्रजी तिला येत नव्हतं.

काजघर

‘गेट’ला मागे शेपूट लागलं की मी हरते. ‘गेट बाय’, ‘गेट अलाँग’, ‘गेट अराउंड टु’. पाठ केले तरी विसरतात.

खंबाटकी

काजघरताई, पाठ करू नका, मराठी जोड्या लावा.

गेट अलाँग: पटणे. ‘सासू-सुनेचं पटतं’. गेट बाय: भागणे. ‘एवढ्या पगारात कसंबसं भागतं’. गेट अवे विथ: खपून जाणे. ‘दरवेळी त्याचं खपून जातं’. गेट ओव्हर: सावरणे. आणि ‘गेट अराउंड टु’साठी आपल्याकडे जे आहे ते इंग्रजीपेक्षा सरस आहे: मुहूर्त लागणे. ‘माळा आवरायला मुहूर्तच लागला नाही’ म्हणजे ‘आय नेव्हर गॉट अराउंड टु क्लीनिंग द लॉफ्ट’.

आता ताईंचा मूळ मुद्दा इथेही बघा. पटतं ते ‘त्यांचं’, भागतं ते ‘आमचं’, खपतं ते ‘त्याचं’, मुहूर्त लागला नाही तो ‘मला’. एका ‘सावरणे’मध्ये सोडला तर माणूस कुठेही सरळ कर्ता नाही. इंग्रजीत तोच ‘आय’, ‘दे’, ‘ही’ होतो आणि ‘गेट’ हाताशी घेतो.

मिशिगनवासी

तरी ‘मला’ची वाट काही ठिकाणी तुटतेच. ‘व्हेन डिड यू गेट होम?’ म्हणजे तू घरी कधी पोहोचलास. ‘कॅन यू गेट द फोन?’ म्हणजे फोन उचलतोस का. ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे मला पाणी आणून दे. इथे माणूस सरळ कर्ता आहे, हालचाल करतो, हात पुढे करतो.

सायलीचा वेल

हो, हेच हवं होतं. हा गट मी वेगळाच शिकवीन, ‘पोहोचणे आणि आणणे’ म्हणून. दगडी दिवा यांनी सांगितलेला जुना अर्थ, हस्तगत करणे आणि पोहोचणे, तो इथे अजून जिवंत आहे. म्हणजे वर्गात आता तीन फळे होतील: ‘मला’चा, ‘करून घेतलं’चा आणि ‘पोहोचलो-आणलं’चा. खंबाटकींचा ‘भिजलो-भिजलोय’ पहिल्या फळ्यावर सगळ्यात वर.

पांढरा_कोट

एक शेवटचं. ‘पेशंटला काल डिस्चार्ज मिळाला’ याला ‘द पेशंट गॉट डिस्चार्ज्ड’ लिहिलं तर चालेल?

शाळामास्तर

नातेवाइकांना फोनवर सांगताना चालेल. केसपेपरवर ‘वॉज डिस्चार्ज्ड’ लिही, पुढे तारीख आणि वेळ.

पांढरा_कोट

धन्यवाद सर, ताई. उद्या ड्युटी आहे, ‘डू यू गेट हेडेक्स’ विचारून बघते.